एक्केचाळिसावा गोळा

मला जाधव सिस्टरची भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकते. त्या कुणाला टाकून बोलल्या किंवा त्यांनी आवाज चढवला, असं मला आठवत नाही. पण पहिल्या भेटीत त्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, हाताकडे बघायच्या. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आल्या तेव्हा मी चहाचा थर्मास घेऊन गेले. थर्मास राहिला बाजूला, माझं मनगट धरून म्हणाल्या, "शीर छान आहे गं तुझी. एका टोचण्यात सापडेल." मी थर्मास तिथेच ठेवून घरी पळाले. तो परत आणायला नवऱ्याला पाठवावं लागलं.

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का बघायला दोनदा जिना चढून येणाऱ्यातली. सिस्टर अगदी उलट. पस्तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली. यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला. माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच तिकडचा ठसका यायचा. बुद्धपौर्णिमेला अख्ख्या मजल्याला खीर यायची आणि भांडं परत करताना त्यात काही घालून द्यायचं नाही, अशी ताकीद यायची. एकदा आमच्या ह्यांनी नारळ फोडताना बोट कापून घेतलं. मी रक्त बघून सोफ्यावर बसले. सिस्टर येऊन पट्टी बांधून गेल्यासुद्धा. चार दिवसांनी ती पट्टी सुटता सुटेना, शेवटी कात्री लावावी लागली. हे सांगितल्यावर त्या हसल्या. "माझी गाठ सुटत नाही," म्हणाल्या. एवढी एकच बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. ऑपरेशनमध्ये पोटात रक्त टिपायला जाड कापडाच्या घड्या घालतात. किती घातल्या ते आधी मोजायचं, पोट शिवण्याआधी किती काढल्या तेही मोजायचं. एकदा एक घडी कमी भरली. सर्जन मोठे, रागीट, पुढचा पेशंट बाहेर ताटकळलेला. ते म्हणाले, तुझं मोजायला चुकलं असेल. सिस्टर तेव्हा पोरसवदा होत्या. त्यांनी शिवायची सुई हातात घट्ट धरून ठेवली, देईनात. "नाही सर, एक कमी आहे." सर ओरडले, सिनियर सिस्टर डोळे वटारून बघायला लागल्या. ह्या आपल्या, "एक कमी आहे." वीस मिनिटांनी ती घडी बादलीच्या तळाशी सापडली, दुसऱ्या घडीला चिकटून बसलेली.

"म्हणजे चूक तुमचीच होती," मी म्हटलं.

"होती की. पण जुळल्याशिवाय शिवायचं कसं? माणूस आयुष्यभर पोटात घेऊन हिंडला असता." हे सांगताना त्या भाजी निवडत होत्या आणि त्यांचे हात जराही थांबले नव्हते.

निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांना काय करावं ते सुचेना. मग ठाण्यात झाडाफुलांचं एक प्रदर्शन भरलं होतं तिथे त्यांनी कोकेदामा बघितला. जपानी प्रकार. कुंडी नाहीच, झाडाच्या मुळांभोवती मातीचा गोळा, त्यावर शेवाळाचं हिरवं पांघरूण, आणि ते सगळं दोऱ्याने बांधून हवेत टांगलेलं. सिस्टरनी एक विकत आणला आणि घरी आल्या आल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याचं ऑपरेशन केलं. मी समोरच होते. दोरा कापला, शेवाळ अलगद उलगडून बाजूला ठेवलं, माती चिमटीत धरून वास घेतला, मुळं मोकळी केली. आणि तासाभरात सगळं होतं तसं परत बांधून दाखवलं. कुठल्या वर्गाला गेल्या नाहीत, मोबाइलवर काही बघितलं नाही. "उघडून बघितलं की कळतं," म्हणाल्या.

फरक एकच केला. विकतचा गोळा तंगूसने बांधलेला होता, मासे पकडायला वापरतात त्या पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने. तो त्यांना पटला नाही. "रुततो गं तो. झाडाला वळ उठतात." त्यांनी सुतळी आणली, साधी वाण्याकडची. बांधलेला गोळा सुतळीत जास्त देखणा दिसायचा, हे खरंच.

त्या पावसाळ्यात त्यांनी धडाका लावला. बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवरचं शेवाळ कालथ्याने खरवडून आणायचं, गावाकडची काळी माती भाकरीच्या पिठासारखी मळायची, त्यात नेचा नाहीतर मनीप्लांट बसवायचा. आमचे हे त्याला 'सिस्टरचे लाडू' म्हणायचे. सिस्टर गंभीरपणे दुरुस्ती करायच्या, "कोकेदामा म्हणा." पाणी द्यायची रीतही ठरलेली. गोळा बादलीत बुडवायचा, बुडबुडे यायला लागतात, ते थांबले की बाहेर काढायचा. "पोट भरलं त्याचं," असं प्रत्येक वेळी म्हणायच्या. भिजलेला गोळा चांगला दीड-दोन किलोचा व्हायचा.

असे एक्केचाळीस गोळे त्यांनी माणसांना वाटले. बिल्डिंगमध्ये, जुन्या सहकाऱ्यांना, ज्यांचं नाव लक्षात राहिलं अशा पेशंटांना, डोंबिवलीला, कल्याणला, कुठे कुठे. कुणाला कोणतं झाड दिलं ते वहीत लिहिलेलं. मलाही एक मिळाला, नेच्याचा. मी तो खिडकीच्या ग्रिलला बाहेरून टांगला. दोनच महिन्यांत खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या, की तुमच्या लाडवाचं पाणी आमच्या धुण्यावर गळतं. त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या रेवतीची टिटवाळ्याला वास्तुशांत होती. भिंतीवरची घड्याळं नेऊन नेऊन मला कंटाळा आला होता. मी तो गोळा चांगल्या पिशवीत घातला आणि रेवतीला देऊन टाकला. सगळ्यांनी माझ्या आवडीचं कौतुक केलं.

पुढे कधीतरी लिफ्टपाशी सिस्टरनी विचारलं, "नेचा कसा आहे तुझा?"

"वाळला हो, सिस्टर. टाकून द्यावा लागला."

इतकं सहज निघालं तोंडातून. दिलेली वस्तू दुसऱ्याला दिली म्हणून त्यांना वाईट वाटू नये, एवढाच हेतू. कोण नाही बोलत असं? त्या म्हणाल्या, "मरतात कधी कधी," आणि दुसरा देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

पुढच्या वर्षी श्रावणातली गोष्ट. भर दुपारी खाली काहीतरी फाटकन आवाज झाला. मी खिडकीतून बघितलं. आमचा वॉचमन गेटजवळ ज्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत दिवसभर बसतो, ती बसायच्या जागी दुभंगली होती आणि भोवती काळी माती उडाली होती. वॉचमन पंपाची मोटर लावायला म्हणून मिनिटभरापूर्वी उठला होता. हातात किल्ली घेऊन तो खुर्चीकडे बघत उभा होता.

सिस्टर खाली आल्या. गोळा त्यांच्याच खिडकीतला होता. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, वॉचमनच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि मग चिखलात बसून सुतळी शोधली. मी तोवर खाली पोचले होते. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. गाठ जशीच्या तशी होती. सुतळी शेवाळाच्या आत, जिथे कायम ओल असते आणि बाहेरून दिसत नाही, तिथे कुजून काळी पडली होती. त्यांनी बोटांनी चुरगाळल्यावर तिचा भुगा झाला.

"वर्षा," त्या म्हणाल्या, "सगळे एकाच सुतळीचे आहेत. एकाच पावसाळ्यातले."

मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच बघत होते. चेहरा पांढरा पडला नव्हता की काही नाही. फक्त त्या पुनःपुन्हा ओठ पुसत होत्या. वर जाऊन त्यांनी वही काढली. "एक्केचाळीस. तुझा वाळला. राहिले चाळीस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घरी येऊन रेवतीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, आम्ही पुण्याला आलो ना, फ्लॅट भाड्याने दिलाय. तुझं झाड असेल तिथेच, ग्रिलला. भाडेकरू पाणी घालतो म्हणे. का गं?" मी म्हटलं, सहज. भाडेकरूचा नंबर घेतला, लावला, उचलला नाही. मनात म्हटलं, पडला असता तर एव्हाना कळलं असतं. आणि पडलाच नसेल तर मजबूत असेल. घाबरट माणूस स्वतःची अशी समजूत काढण्यात पटाईत असतो.

सिस्टरनी त्या दिवसापासून दुसरं काही केलं नाही. सगळ्यांना फोन केले, गोळा आधी खाली काढा म्हणून सांगितलं, पण फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतः जाऊन काढायच्या. रविवारी मी सोबत जायचे. त्यांना वाटायचं मी शेजारी म्हणून येते. डोंबिवलीला त्यांच्या एका जुन्या पेशंट बाई अडून बसल्या. "अहो सिस्टर, दिलेली वस्तू कुणी परत मागतं का? मला किती आवडलाय तो." सिस्टर त्यांच्याशी वाद न घालता खुर्चीवर चढल्या आणि गोळा काढून पिशवीत टाकला. बाई रडकुंडीला आल्या. कुणी म्हणालं, आमचा मेला, तर सिस्टर विचारायच्या, "मेलेला दाखवा." मग गच्चीतून, माळ्यावरून वाळलेले गोळे निघायचे. ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांना कुठे टाकला, कधी टाकला, कुणी टाकला, असं विचारून भंडावून सोडायच्या. पुरावा मागितला नाही तो फक्त माझ्याकडे.

रोज सकाळी पेपर आला की मी आधी आतली छोटी बातमी शोधायची. 'टिटवाळ्यात डोक्यात कुंडी पडून' असं काहीतरी. नसली की चहा घशाखाली उतरायचा.

गणपतीच्या आधीच्या रविवारी आम्ही शहाडला गेलो. यादीतलं शेवटचं घर. त्यांच्या थिएटरमध्ये पूर्वी आया असलेल्या शांतामावशी तिथे मुलाकडे राहायच्या. मावशींना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळे निरोप पोचलाच नव्हता. दार उघडलं, मावशींनी आनंदाने सिस्टरच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाल्या, "या ना, नातू झालाय मला! बघा कसा झोपलाय."

खोलीत पाळणा होता. आणि पाळण्याच्या बरोबर वर, छताच्या आकड्याला, हिरवागार टवटवीत गोळा. बाळाला झाड दिसावं म्हणून मावशींनी हौसेने टांगलेला. सकाळीच पाणी दिलेलं, खालून एक थेंब लोंबत होता.

सिस्टरनी चपला काढल्या नाहीत. सरळ आत गेल्या, दोन्ही हातांनी बाळ उचललं, छातीशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाळ किंचाळून रडायला लागलं, सून धावत आली, मावशी "काय झालं, काय झालं" करत राहिल्या. मी स्टुलावर चढून गोळा काढला. सुनेने स्टूल धरलं. सुतळी अर्धी गेलेली होती.

बाहेर आल्यावर सिस्टरनी वहीत खूण केली आणि म्हणाल्या, "जुळलं." इतका मोकळा श्वास त्यांनी महिन्याभरात घेतला नसेल. मला तो श्वास बघवेना.

"सिस्टर, माझा वाळला नव्हता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं, वास्तुशांत, रेवती, पिशवी. रडत सांगितलं. शहाडच्या रस्त्यावर माणसं वळून बघत होती. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे?"

"टिटवाळ्याला."

"कितवा मजला?"

"सातवा."

"खाली काय आहे?"

ते मला आठवत नव्हतं. दोनच स्टेशनं पुढे, पण त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात किती नवस बोलले, देवालाच ठाऊक. सिस्टर खिडकीशी बसून होत्या. ओठ पुसत होत्या.

खाली काय होतं ते गेटमधून आत गेल्याबरोबर दिसलं. बिल्डिंगच्या दारातच गणपतीचा मांडव उभा राहत होता. बांबू रोवून झाले होते, वर कापड यायचं होतं. जमिनीवर सतरंजी घालून आठ-दहा पोरं थर्माकोल कापत बसली होती, दोन बायका रांगोळीचे रंग निवडत होत्या. आणि सात मजले वर, त्यांच्या डोक्यांच्या रेषेत, एका ग्रिलला हिरवा ठिपका.

"उठा," सिस्टर म्हणाल्या. "सगळे उठा इथून."

"ओ आजी, काय झालं? बसा ना, पाणी देऊ?"

"उठा म्हणते ना! वर बघू नका, आधी उठा!" हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. थिएटरमधला असणार. पोरं हातातल्या कात्र्यांसकट उठली. एक बाई "कोण आहे ही?" म्हणून वॉचमनला विचारायला लागली. सिस्टरनी मला नुसतं वर बोट दाखवलं. मी लिफ्टकडे पळाले.

बेल दाबली. उघडेना. दार बडवलं, चप्पल काढून बडवलं. रात्रपाळी करून झोपलेला एक तरुण डोळे चोळत बाहेर आला. मी काही न सांगता त्याच्या घरात घुसले आणि खिडकी गाठली. ग्रिलला, आग लागली तर बाहेर पडायला ठेवतात तशी, छोटी झडप होती, कुलूप लावलेली. "किल्ली!" तो गडबडला, ड्रॉवर उघडायला लागला. मी खाली बघितलं. पोरं लांब झाली होती, पण बिल्डिंगमधून माणसं बाहेर पडतच होती. त्यांना अडवायला सिस्टर दोन्ही हात पसरून बरोबर गोळ्याच्या खाली उभ्या होत्या.

"सिस्टर, सरका! तुम्ही सरका!"

त्यांनी ऐकलं असेल. सरकल्या नाहीत. सरकल्या असत्या तर एक म्हातारा पिशवी घेऊन तिथूनच जाणार होता.

किल्ली सापडली. झडप उघडून मी दोन्ही हात बाहेर काढले आणि खालून गोळ्याला ओंजळ लावली. वजन ओंजळीत आलं आणि त्याच क्षणी वरची सुतळी सुटली. सुटली म्हणजे तुटलीसुद्धा नाही, नुसती विरघळल्यासारखी गेली. तो ओला थंड गोळा माझ्या हातात होता, आणि मी तो आत घ्यायचा विसरून तशीच उभी. त्या मुलाने माझे दंड धरून मला मागे ओढलं. त्याच्या लादीवर मी मटकन बसले आणि त्या अनोळखी पोरासमोर ओक्साबोक्शी रडले.

गोळा पदराखाली धरून खाली आले. सिस्टर अजून तिथेच, हात पसरून.

"आला सिस्टर. हा बघा. झालं."

त्यांनी गोळा बघितला, पण हात खाली घेतले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "अजून कुणाला दिलायस?"

"नाही हो. एकच तर दिला होता तुम्ही मला."

"नक्की?"

"नक्की, सिस्टर. शपथ."

त्यांनी मान डोलावली. आणि जिन्यातून उतरणाऱ्या एका मुलीला म्हणाल्या, "बाळा, तिकडून जा. इथून नको."

त्या मला कधी रागावल्या नाहीत. खोटं का बोललीस, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यांत चार-पाच वेळा मात्र, कधी लिफ्टपाशी, कधी भाजी घेताना, त्या मधेच थांबून म्हणायच्या, "वर्षा, नीट आठव बरं." मी नीट आठवायची, नाही म्हणायची. खरं सांगत असायची, तरी माझा आवाज मलाच खोटा वाटायचा. त्यांनी वही पहिल्यापासून पुन्हा तपासायला घेतली होती. ज्यांचे गोळे स्वतः काढून आणले होते त्यांनाही फोन करून विचारायच्या, तुम्हाला मी एकच दिला होता ना? रेवतीकडे गेला तसा कुणाकडून कुणाकडे तर गेला नसेल ना? आता त्यांच्या लेखी कुणाचंच 'टाकून दिला' खरं उरलं नव्हतं. झोप गेली होती. मुलगी आली आणि आईची दशा बघून म्हणाली, चल माझ्याकडे नाशिकला.

त्या गेल्या त्या सकाळी मी निरोप घ्यायला खाली गेले नाही. धीर झाला नाही. खिडकीत उभी राहिले. सामान गाडीत चढलं होतं, वॉचमन दार धरून उभा होता. सिस्टर गाडीत बसेनात. आवारात मधोमध उभं राहून त्यांनी आमच्या बिल्डिंगवर नजर टाकली, पहिल्या मजल्यापासून, डावीकडून उजवीकडे, एकेक खिडकी. मग दुसरा मजला. मग आमचा. माझ्या खिडकीपाशी नजर आली तेव्हा मी हात वर केला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या डोक्याच्या वर, ग्रिलच्या रिकाम्या आकड्याकडे बघत होत्या. तिथे काही नव्हतं, ते त्यांना खालून स्वच्छ दिसत होतं, तरी त्या बघत राहिल्या. मुलीने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्या गाडीत बसल्या.